रिकाम्या हातानं चालणं

माझ्या बहिणीला तिच्या पोरानं बसवून बसवून अपंग करत आणलं आणि गावानं त्याची वाहवा केली. हे वाक्य मी त्याच्या तोंडावर बोलून चुकले आहे, म्हणून इथं लिहायला मला कसली भीती नाही. त्याला राग आला. येऊ द्या. माझा राग त्याच्या रागाहून जुना आहे आणि अजून उतरलेला नाही.

पोरगा वाईट असता तर मी इतकी चिडलेच नसते, हेही आधीच सांगून टाकते. वाईट पोराला शिव्या देता येतात, गाव आपल्या बाजूनं उभं राहतं. चांगल्या पोराशी भांडायला गेलं की आपणच कजाग ठरतो.

बहीण माझ्यापेक्षा मोठी. तिला मी बाई म्हणते. आम्हा दोघींना एकाच गावात दिलं, तालुक्याच्या नेरपासून आत, नाल्याच्या अलीकडं. तिचं घर वरच्या गल्लीत, माझं खालच्या. मधे आमचं विहार आणि विहारासमोर पानठेला. पुढचं सगळं भांडण याच एवढ्याशा रस्त्यावर झालं.

बाई चालायची कशी, ते ज्यांनी पाहिलं त्यांनाच ठाऊक. नाल्यापलीकडच्या वावरात कापूस वेचायला जायचो, तेव्हा आम्ही बाकीच्या बाया कमरेला ओटी बांधून उभ्या राहीपर्यंत तिची पात, तिच्या वाट्याची ओळ, निम्मी वेचून झालेली असायची. संध्याकाळी डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन परत येताना मी मागून ओरडायची, "बाई, थांब वो जराशी. मी काय बैल आहो?" ती मागं न पाहता म्हणायची, "बैल असती तं पुढं असती." साऱ्या बाया हसायच्या. माझं सगळं तरुणपण तिच्या टाचा पाहत गेलं म्हणा ना. भेगाळलेल्या, मातीनं भरलेल्या, पण उचलल्या की हलक्या.

म्हणून मी मजुरीचे गोडवे गाते आहे असं समजू नका. मजुरीनं माणूस झिजतं. दिवसभर वाकून माझी पाठ गेली, डोक्यावरच्या ओझ्यानं मान गेली, आणि बाळंतपणातून उठल्या उठल्या निंदायला गेलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. त्यात कसला आला व्यायाम. आणि आणखी एक गोष्ट आहे, जी आमच्या पोरांना आम्हीच सांगितली. माझ्या सासऱ्याच्या काळात, गावातला मोठा माणूस समोरून आला की आपल्याच दारातल्या, आपल्याच हातानं विणलेल्या बाजेवरून उठून उभं राहावं लागायचं. आपण बसलेलं दिसणं हाच गुन्हा. आमचे लोक त्या गावकीच्या चाकरीतून मान वर करून बाहेर पडले, धम्म घेतला, पोरं शिकवली. म्हणून बसणं ही आमच्याकडं साधी गोष्ट नाही. ते आम्ही मिळवलेलं आहे.

त्यामुळं भाच्यानं नेरला मोबाईलचं दुकान टाकलं, चांगलं चाललं, स्लॅबचं घर बांधलं आणि समोरच्या खोलीत, दारातून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा, मायसाठी सागवानी दिवाण ठेवला, त्या दिवशी माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. त्यावर फोमची गादी, गादीवर फुलाफुलांची चादर. घरभरणीला सगळं गाव जेवायला होतं. त्यानं सगळ्यांसमोर बाईला हाताला धरून दिवाणावर बसवलं आणि म्हणाला, "माय, तू माह्यासाठी लय चालली. आता तुहा पाय जमिनीले लागू द्याचा नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायांनी पदर डोळ्याला लावले.

बसायचा हक्क मिळणं वेगळं आणि उठायची मनाई होणं वेगळं. ते त्या दिवशी मला कुठं कळलं.

आणि त्यानं शब्द पाळला. हेच तर दुखणं. बाईनं झाडू हातात घेतला की सून धावत यायची. सूनही गुणाची पोरगी, पण तिला शेजारणीचा धाक. एकदा बाई अंगणात तुरीची डाळ पाखडत होती, तर समोरची शेजारीण भिंतीवरून विचारून गेली, काय वो, सासूलेच लावलं का कामाले? सुनेनं त्या दिवसापासून सूप माळ्यावर टाकलं. शेळी होती, ती विकली, कारण शेळीमागं जावं लागतं. पाण्याची बाटली उशाशी आली, टीव्हीचा रिमोट हाताशी आला, चहा बसल्या जागी. दळण, निवडण, सगळं तयार पुड्यातून. विहारात वंदनेला जायचं तर भाचा गाडी दारात लावायचा आणि विहाराच्या पायरीशी उतरवायचा. तेवढा रस्ता. आमच्या लेकरांनी रांगत केला असेल एवढा रस्ता.

बाई अंगानं भरली. गाव म्हणालं, म्हातारी सुखावली. गाल वर आले, हातातल्या बांगड्या कापून काढाव्या लागल्या. जी भेटेल ती म्हणायची, पोरानं काय ठेवली वो मायले, सोन्यासारखी. आणि बाईलाही ते आवडायचं, मी काय खोटं बोलू. आयुष्यभर जिच्याकडं कोणी वळून पाहिलं नाही, तिला येता-जाता लोक दारातून रामराम घातल्यासारखं विचारायचे, कसं काय, बरं आहे ना. ती दिवाणावरून मान डोलवायची.

मग विहाराच्या पायऱ्या चढताना तिला धाप लागायला लागली. पायऱ्या म्हणजे दोन-चार, त्याही बसक्या. मग घोट्यांवर सूज. मग दिवाणावरून उठताना गुडघ्यांवर हात टेकून, एकदा झोका घेऊन, दुसऱ्यांदा झोका घेऊन उठायची. एकदा उठता उठता मागं पडली आणि हसली. मीही हसले. मग शुगर निघाली, बीपी निघाला.

नेरच्या डॉक्टरकडं मी सोबत गेले होते. तरुण माणूस होता, पण बोलणारा. त्यानं बाईची पोटरी दाबून पाहिली, तिला खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं. तिला उठता आलं नाही. मी तिच्याकडं पाहत होते आणि मला वाटलं, ही माझी बाई नाहीच, कोणाचं तरी शरीर आणून हिला घातलंय. डॉक्टरनं सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. गोळी तिचं काम करेल, पण रक्तातली साखर खाणारं मोठं तोंड म्हणजे मांड्या आणि पोटऱ्या. त्या हलल्या की साखर वापरली जाते. माणूस बसून राहिलं की ती रक्तात तशीच फिरते आणि डोळे, किडनी, पाय, जिथं जाईल तिथं नासधूस करते. न वापरलेला पाय आतून बारीक होतो, मग तोल जातो, मग पडायच्या भीतीनं माणूस अजून बसतं, आणि बसलं की अजून बारीक होतो. हाडालाही भार लागतो, नाहीतर ते ठिसूळ पडतं. बीपी, पोट साफ न होणं, रात्रीची झोप, विनाकारण रडू येणं, तो एकेक सांगत गेला आणि मी बाईकडं पाहत गेले. सगळं तिचंच होतं.

मी म्हटलं, साहेब, ही जन्मभर चालली आहे हो. आमच्या गावात हिच्याइतकी कोणी चालली नसेल. ते कुठं गेलं? तो म्हणाला, "आजी, गेल्या वर्षी पोटभर जेवल्या म्हणून यंदा उपाशी राहता का?"

घरी येताना भाचा गाडी चालवता चालवता म्हणाला, मावशी, समजलं मला, पायाची हालचाल पाहिजे. मला बरं वाटलं. चार-आठ दिवसांनी जाऊन पाहते तर काय, दिवाणाखाली एक मशीन. त्यावर पाय ठेवायचे, बटण दाबलं की पाय आपोआप थडथड हलतात. बाई टीव्ही पाहत बसलेली, खाली पाय हलताहेत, गालही हलताहेत. मला पाहून म्हणाली, "ये. मी चालून राह्यली."

"मशीन चालून राह्यली," मी म्हटलं. "तू तं बसूनच आहे."

तिथून मी हातात घेतलं. सकाळी उन्ह अंगणात आलं की मी वर जायची, तिला उठवायची आणि आम्ही दोघी विहारापर्यंत जाऊन यायचो. ती माझ्या खांद्यावर हात ठेवायची. थांबत, बोलत, शिव्या देत. पहिले काही दिवस बरे गेले. मग गावाला आम्ही दिसलो.

आता आमच्या गावाची एक रीत आहे, ती बाहेरच्याला सांगितल्याशिवाय कळायची नाही. आमच्याकडं बिनकामाचं कोणी चालत नाही. चालायचं म्हणजे वावरात, विहिरीवर, बाजाराला, बसला, मयतीला. हातात काहीतरी पाहिजे, विळा, टोपलं, पिशवी, डबा. म्हातारी बाई रिकाम्या हातानं रस्त्यानं चालली आहे आणि कुठं पोचत नाही, तिथूनच परत फिरते, याचा अर्थ एकच निघतो. घरात भांडण झालं. सुनेनं हाकललं, नाहीतर पोरानं विचारणं सोडलं. शहरात लोक बूट घालून सकाळी फिरतात ते टीव्हीवर सगळे पाहतात, पण ते लोक वेगळे. आमच्या म्हातारीनं फिरलं की तिचा पोरगा गेला कामातून.

पानठेल्यावर एक जण बसलेला असायचा, दिवसभर तिथंच असतो, त्याचं काम काय ते त्याच्या बायकोलाही माहीत नसेल. त्यानं बाईला विचारलं, "काय झालं वो मोठ्याबाई? काहाडलं का घरातून?" बाकीचे हसले. बाईचा हात माझ्या खांद्यावर होता, तो मला जड झाल्यासारखा वाटला. मी त्याला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पण बाईच्या मनातून ते गेलं नाही.

मग माझंच डोकं चाललं, आणि वाईट चाललं. मी म्हटलं, रिकामे हात खुपतात ना यांना, तर हातात काहीतरी देऊ. मी तिच्या हातात पितळेची छोटी कळशी दिली, रिकामी, नुसती दाखवायला. झालं. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की भाच्याच्या घरी नळ असून माय बाहेरून पाणी भरते. रिकाम्या हातानं चालली तर घरातून काढली, कळशी घेऊन चालली तर राबवून घेतात. आता करायचं काय, सांगा. उडत जायचं?

ही गोष्ट नेरच्या दुकानापर्यंत पोचली. दुपारी दुकान बंद करून भाचा सरळ माझ्या दारात आला. गाडीवरून उतरला नाही, तशीच चालू ठेवून बोलला. "मावशी, तू माह्या मायले गावभर फिरवून राह्यली का माह्या इज्जतीले?"

मी म्हटलं, गाडी बंद कर आधी, मग बोल. त्यानं बंद केली. मग तो बराच वेळ बोलत राहिला. म्हणाला, दुकानात लोक येतात, मोबाईल दुरुस्त करता करता विचारतात, काय रे, मायले पाणी भराले लावते म्हणे. म्हणाला, मी कोणासाठी केलं हे सगळं? माझा बाप मजुरीत मेला, एक दिवस बाजेवर टेकून बसला नाही. तिला मी बसवलं तर तू तिला परत रस्त्यावर आणते. शेवटी त्याचा आवाज फुटला. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि एक थोबाडीत द्यावीशीही वाटली. दोन्ही केलं नाही. त्याऐवजी मी ते वाक्य बोलले, जे वर पहिल्याच ओळीत लिहिलं आहे. तू तिला बसवून बसवून अपंग करून राहिला. तो गाडीला लाथ मारून निघून गेला.

बाईनं कोणाची बाजू घ्यावी? पोराची. मला म्हणाली, राहू दे, पोराले दुखवू नोको, मले काय आता पाय वापराचे आहे. मी तिच्यावरही चिडले. तू कोण म्हणून बसली आहे तिथं, म्हटलं, जत्रेतली मूर्ती? ती भिंतीकडं तोंड करून झोपली. मीही म्हटलं, जा, बस.

तेवढ्यात कापूस फुटला. मी वेचणीला लागले. आता मी थोडंच वेचते, माझ्या स्वतःच्या एवढ्याशा वावरातलं, पण जाते रोज. गुडघे कुरकुरतात, जाते. नाला ओलांडताना दरवेळी पुढं बाईच्या टाचा दिसाव्यात असं वाटायचं आणि राग यायचा. त्या वेचणीच्या दिवसांत मी तिच्याकडं फारशी गेलेच नाही.

मग एक दिवस कळलं, भाच्यानं मायसाठी नवी खुर्ची आणली. पाहायला बाया जात होत्या. मीही गेले. खुर्चीला मधे भोक, खाली भांडं. संडासची खुर्ची. दिवाणाच्या बाजूलाच ठेवलेली. संडास मागच्या अंगणात आहे, फरशी बसवलेला, पण तिथपर्यंत बाईला आता जाता येत नव्हतं. समोरची शेजारीण सुनेला सांगत होती, किती करते वो तुम्ही सासूचं, आजकाल कोण करते. सून मान खाली घालून उभी होती.

बाया गेल्या. मी बसले. थोड्या वेळानं बाईनं सुनेकडं पाहिलं. सुनेनं भाच्याला हाक मारली. दोघांनी तिला काखेत हात घालून उचललं, आणि खुर्चीपर्यंत नेईस्तोवर तिचं लुगडं भिजलं. भाच्यानं तोंड फिरवलं. त्याच्या चेहऱ्यावर किळस नव्हती, मी शपथेवर सांगते. रडू होतं. तो बाहेर निघून गेला. सुनेनं पुसलं, लुगडं बदललं.

बाईनं माझा हात धरला. तिची पकड अजून वेचणारणीचीच होती, बोटं चिमट्यासारखी. हळूच म्हणाली, "मले उभी कर. बाकी काही नाही. मले माह्या पायानं संडासले जाऊ दे."

यापेक्षा मोठी मागणी मी माझ्या आयुष्यात ऐकलेली नाही. कोणी जमीन मागतं, कोणी नोकरी मागतं. माझ्या बहिणीनं मागच्या अंगणापर्यंतचा रस्ता मागितला.

डॉक्टरला विचारून घेतलं. त्यानं सांगितलं तसं सुरू केलं. आधी नुसतं उठणं आणि बसणं, खिडकीचा गज धरून. उठ, बस, उठ, बस. ती मला शिव्या घालायची, मी तिला घालायची. मग दिवाण ते दार. मग दार ते चूल. उशाशी पाण्याची बाटली कुठं दिसेना, पाहते तर ती स्वयंपाकघराच्या फळीवर. सुनेनं ठेवलेली. दुसऱ्या दिवशी टीव्हीचा रिमोट टीव्हीजवळ. तिनं नवऱ्याला काही सांगितलं नाही, मलाही काही सांगितलं नाही. एकदा चहा घेऊन आली तर बाईला न देता दारातल्या स्टुलावर ठेवला आणि आत गेली. बाई माझ्याकडं पाहून म्हणाली, "पाह्यलं का, सूनही तुह्यासारखीच कजाग निघाली." आणि उठली. सुपाची पाळी आली तेव्हा तर सुनेनंच माळ्यावर चढून ते काढलं.

भाच्याला दिसत होतंच. दुकानातून आला की गाडी लावायचा, जेवायचा, खुर्चीत बसायचा. पानठेल्यापर्यंत जायचं तर परत गाडी काढायचा. त्याचंही पोट पुढं आलेलं मला आता दिसायला लागलं होतं, बीपीची गोळी त्याच्याही खिशात होती. बसलेल्या मायचा बसलेला पोरगा. मी त्यावरून एक-दोनदा टोमणे मारले. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

असं करता करता गारठा सरला. एका दुपारी बाई भिंत धरत, मग दाराची चौकट धरत, मग मधल्या रिकाम्या जागेत कशालाच न धरता, मागच्या अंगणात गेली. मी आणि सून मागं मागं, हात पुढं करून, कोंबडीची पिलं पकडायला निघाल्यासारख्या. तिनं एक हात मागं करून आम्हाला थांबवलं. संडासात गेली. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

आम्ही दोघी अंगणात उभ्या. सुनेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला रडू आलं नाही, मला राग आला. एक कडी लावायला, एक दार आपल्या हातानं बंद करायला या बाईला इतकं झगडावं लागलं? जी नाला ओलांडून वावरात जायची, तिला? कोणाशी झगडायचं होतं तिनं? तर तिच्यावर जीव टाकणाऱ्यांशी. आतून बाई ओरडली, काय उभ्या आहा वो दारात, लाज नाही का.

पण मागचं सगळं परत येत नाही, हेही लिहिते. डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं की जे वर्षानुवर्षं गेलं त्यातलं काही येतं, सगळं येत नाही. शुगर उतरली, सूज उतरली, धाप कमी झाली, झोप लागायला लागली. पण नाला तिला आता ओलांडता येणार नाही. ती काठी घेऊन चालते, आणि मी तिच्या पुढं चालते, हे मला अजून सहन होत नाही.

ती भोकाची खुर्ची मागच्या अंगणात गेली. तिच्यावर आता कुंडी आहे.

मग विहारातल्या वंदनेचा दिवस आला. भाच्यानं नेहमीसारखी गाडी दारात लावली. बाई पांढरं लुगडं नेसून दारात उभी होती. तिनं गाडीकडं पाहिलं आणि म्हणाली, "गाडी राहू दे. तू चाल माह्यासंगं."

तो म्हणाला, माय, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, "म्हणू दे ना. लोकांनं मले उचलून संडासले नेलं होतं का?"

तो बराच वेळ किल्ली बोटात फिरवत उभा राहिला. घरात सून भांडी घासत होती, तिनं घासणं थांबवलं. शेवटी त्यानं किल्ली खिशात टाकली.

पुढं ती दोघं, मागं मी. बाईच्या एका हातात काठी, दुसरा पोराच्या दंडावर. रस्ता तेवढाच, पण तिच्या चालीनं भाच्याला तो लांब झाला असावा, कारण अर्ध्या वाटेत त्यालाच धाप लागली आणि त्यानं ती लपवायला खोकल्यासारखं केलं. बाईनं त्याच्याकडं पाहिलं आणि रस्त्यातल्या मोरीच्या, लहानशा पुलाच्या, कठड्यावर टेकली. स्वतःसाठी नाही, हे मला मागून कळलं. तो पण टेकला. मायलेक मोरीवर बसले, बिनकामाचे, रिकाम्या हातांचे.

उठून पानठेल्यासमोर आले. तो माणूस होताच. त्यानं बाईकडं पाहिलं नाही, भाच्याकडं पाहिलं. म्हणाला, "काय गा, काय झालं? गाडी बंद पडली का?"

माझ्या तोंडाचा पट्टा तयार होता. मी पदर खोचला, पुढं सरकले. पण भाच्यानं मागं हात करून मला थांबवलं, अंगणात बाईनं थांबवलं होतं तसाच हात.

"काही झालं नाही," तो म्हणाला. "मी अन् माय चालून राह्यलो."

तो माणूस पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिला. कुठं, कायले, काहीतरी येईल म्हणून. पुढं काही आलं नाही. ती दोघं विहाराच्या पायऱ्यांशी पोचली होती, आणि बाईनं काठी खालच्या पायरीला टेकवून पोराचा दंड सोडला होता.